विझार्ड खेळणाऱ्याच्या नजरेतून नवे ‘प्लेअर्स हँडबुक’

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या मदतीने कल्पित पात्रे वठवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे सुधारित ‘प्लेअर्स हँडबुक’ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकांनी सप्टेंबर २०२४मध्ये बाजारात आणले. ३८४ पानांच्या या पुस्तकात पात्रांचे बारा वर्ग आहेत. येथे मात्र एवढेच तपासायचे आहे की, विझार्ड (जादूगार) किंवा मंत्र वापरणारे दुसरे एखादे पात्र घेऊन लढाईत उतरणाऱ्या खेळाडूला ते कितपत उपयोगी पडते. नियम सांगण्यात हे पुस्तक २०१४च्या पुस्तकापेक्षा बरेच सरस आहे, डावपेच शिकवण्यात मात्र जवळजवळ तितकेच अबोल आहे.

सर्वांत मोलाची सुधारणा तक्त्यांत आहे. पूर्वीच्या पुस्तकातील मंत्रांच्या याद्या म्हणजे केवळ नावांची रांग होती. आता प्रत्येक वर्गाची यादी त्या वर्गाच्याच प्रकरणात दिली असून, ज्या मंत्राला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे तो चालू ठेवण्यासाठी एकाग्रता, लागते त्याच्यासमोर तशी खूण केलेली आहे. कॉन्सन्ट्रेशनचा मंत्र एका वेळी एकच चालू ठेवता येतो आणि इजा झाली की तो टिकवण्यासाठी कॉन्स्टिट्यूशनचा (शारीरिक चिवटपणाचा) सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा (थोडक्यात सेव्ह), टाकावा लागतो, ज्याचे लक्ष्य १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यांपैकी जे जास्त ते असते. त्यामुळे वेब (चिकट जाळे), हिप्नॉटिक पॅटर्न (भुरळ), हेस्ट (चपळाई) आणि फ्लाय (उड्डाण) असे चार मंत्र तयार ठेवून बसलेल्या विझार्डच्या हाती प्रत्यक्ष लढाईत त्यांपैकी एकच असतो. नवा तक्ता ही चूक निवड करतानाच दाखवून देतो.

एवढे करूनही त्यातून निघणारा निष्कर्ष पुस्तकाने वाचकावरच सोडला आहे. पाचव्या पातळीच्या विझार्डजवळ तिसऱ्या पातळीचे दोनच स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याच्या संधी, असतात आणि नवखा खेळाडू ते दोन्ही फायरबॉल या आगीच्या स्फोटाच्या मंत्रावर खर्च करतो. फायरबॉलचे सहा बाजूंचे आठ फासे सरासरी २८ गुणांची इजा करतात. सेव्ह साधणाऱ्या शत्रूला त्याच्या निम्मी होते. वीस फुटांच्या त्रिज्येत गॉब्लिनांची टोळी सापडली तर ते उत्तमच, पण ऑग्रसारखा दांडगा शत्रू तेवढ्याने पडत नाही आणि अर्धमेल्या ऑग्रचा सोटा पूर्वीइतक्याच जोरात बसतो. हिप्नॉटिक पॅटर्न रक्ताचा थेंबही सांडत नाही. तो शत्रूच्या पाळ्या हिरावून घेतो. तीस फुटांच्या घनातील जे शत्रू विझ्डमच्या (शहाणपणाच्या) सेव्हमध्ये नापास होतात, ते जागच्या जागी निष्क्रिय होतात. त्यांना हलवून जागे करायला दुसऱ्या शत्रूची अ‍ॅक्शन (पाळीतील मुख्य कृती) जाते, म्हणजे तोही आपलाच फायदा. इजा झाली की ही भूल उतरते, म्हणून सर्व सोबत्यांनी मिळून एकेका शत्रूला गाठायचे हे आधी ठरलेले असावे लागते. त्यावर पुन्हा फायरबॉल टाकणे म्हणजे आपलाच स्लॉट आपल्या हाताने जाळणे होय. वेबच्या बाबतीत तर ते अक्षरशः खरे आहे, कारण ते जाळे पेट घेते. असा सल्ला देणारी दोन पाने या जाडजूड पुस्तकात सहज मावली असती.

नियमांतील बदलांपैकी एक मला विशेष पटला. एका पाळीत मंत्रासाठी एकच स्लॉट खर्च करता येतो, असा सरळ नियम आता आहे. बोनस अ‍ॅक्शनच्या (पाळीतील छोट्या जादा कृतीच्या) मंत्रांचे जुने गुंतागुंतीचे कलम गेले. मिस्टी स्टेपने (क्षणात दुसरीकडे प्रकटण्याच्या मंत्राने) निसटून त्याच पाळीत फायरबॉल टाकणे पूर्वीप्रमाणेच बंद आहे, मात्र शत्रूच्या पाळीत शील्ड हा बचावाचा मंत्र वापरायला हरकत नाही. याचा एक परिणाम पहिल्या वाचनात सहसा लक्षात येत नाही: स्लॉट खर्चून टाकलेला आपला मंत्र शत्रूने काउंटरस्पेल या प्रतिमंत्राने अडवला, तर त्याच पाळीत दुसरा स्लॉट घालून आपला काउंटरस्पेल टाकता येत नाही, ते काम दुसऱ्या सोबत्यालाच करावे लागते. खुद्द काउंटरस्पेलही सौम्य झाला आहे. आता मंत्र टाकणाऱ्याला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह मिळतो आणि तो हुकला तरी त्याचा स्लॉट वाचतो.

झोप आणणाऱ्या स्लीप या मंत्राचे रूपांतरही योग्य दिशेने झाले आहे. पूर्वी पहिल्या पातळीवर तो अजिंक्य आणि पुढे निरुपयोगी होता. एव्होकरच्या, म्हणजे स्फोटक मंत्रांत पारंगत विझार्डच्या, बाबतीत मात्र निर्णय कोड्यात टाकणारा वाटतो. सोबत्यांना आपल्या स्फोटातून वाचवणारे स्कल्प्ट स्पेल्स त्याला पूर्वी दुसऱ्या पातळीवर मिळे, आता सहाव्या पातळीवर मिळते. फायरबॉल मात्र पाचव्याच पातळीवर हाती येतो. त्या एका पातळीपुरते आघाडीवरच्या मित्रांनी जपून राहिलेले बरे. क्लेरिक या पुरोहित पात्राच्या स्पिरिट गार्डियन्स मंत्राचा नवा मसुदा मला पसंत नाही. क्लेरिकभोवतीचे पंधरा फुटांचे वलय शत्रूवर नेले तरी आता इजा होते आणि ती प्रत्येक पाळीत एकदा होऊ शकते. त्यामुळे सोबत्यांनी आपापल्या पाळीत क्लेरिकला उचलून शत्रूंमधून फिरवण्याचा हास्यास्पद डाव फायद्याचा ठरतो.

मांडणीबद्दल एक तक्रार आहे. मंत्रांची वर्णने वर्णानुक्रमाने आहेत आणि संज्ञांच्या व्याख्या शेवटच्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे चालू लढाईत पुस्तकात दोन ठिकाणी बोटे घालून बसावे लागते. अंतरे फुटांत आहेत, पण खोल्यांची मापे फुटांतच सांगणाऱ्या आपल्या वाचकाला त्याचा त्रास नाही.

ज्यांचा गट २०१४च्या नियमांवर समाधानी आहे, त्यांनी केवळ मंत्रांसाठी हे पुस्तक घेण्याची घाई करू नये. नव्याने सुरुवात करणाऱ्या गटाला एक प्रत पुरेशी आहे आणि ती विझार्ड खेळणाऱ्याजवळ असावी. खरेदीपूर्वी पारखायचे असेल, तर एप्रिल २०२५मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली झालेली नियमसंहितेची ५.२ ही आवृत्ती विनामूल्य उतरवून घेता येते. वेब, हिप्नॉटिक पॅटर्न आणि काउंटरस्पेल हे तिन्ही मंत्र तिच्यात आहेत.