कार्बाइडच्या नावाखाली साध्या पोलादाच्या कोरण्या

टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या म्हणून घेतलेल्या, धातूवर नक्षी कोरायच्या कोरण्या (ग्रेव्हर) साध्या पोलादाच्या निघाल्या. पैसे गेले ते गेलेच, पण जास्त राग आहे तो विक्रेत्याने मला माझ्याच हातावर संशय घ्यायला लावल्याचा.

वर्णन झकास होतं. सोनेरी मुलामा, तयार धार, आणि 'बंदुकीच्या पोलादावरही चालतात' अशी ग्वाही. सरावाच्या मऊ पोलादी पट्टीवर पहिल्या रेघेतच टोक गेलं. कळवल्यावर लगेच उत्तर आलं: "धार लावताना कोन चुकतोय. फेस ५० अंशांवर घ्या, हील जरा वाढवा." (फेस म्हणजे टोकाची समोरची तिरपी बाजू, हील म्हणजे टोकाखालची छोटी घासलेली बाजू.)

फसवणूक आहे ती इथे, कारण हा सल्ला खोटा नाही. कार्बाइड ठिसूळ असतं, कोन जास्त निमुळता राहिला की टोक खरंच तुटतं. त्यामुळे शिकणारा माणूस मुकाट्याने पुन्हा धार लावायला बसतो. ते चालू असताना माल परत करायची मुदत संपली. तोवर उत्तरं तत्पर होती, नंतर थंडावली.

खरा प्रकार लक्षात आला तो लूपमधून, म्हणजे भिंगातून पाहिल्यावर. कार्बाइडचं टोक मोडलं की कपचा उडतो आणि मोडलेली कड फुटक्या काचेसारखी तीक्ष्ण दिसते. इथे कपचा उडालाच नव्हता. टोक एका बाजूला चक्क दुमडलं होतं. कार्बाइड असं दुमडत नाही.

मग डायमंडच्या चकतीवर धरलं. कार्बाइड तिथेही सावकाश झिजतं, हे भराभर झिजलं. पाणी न लावता थोडं जास्त वेळ टेकवलं तर टोकाला आधी पिवळसर आणि मग निळी झाक आली. साधं कार्बन पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळं पडतं आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. हायस्पीड स्टील या हत्यारांच्या पोलादावरही रंग चढतो, पण ते साधारण ६०० अंशांपर्यंत कडकपणा टिकवतं. म्हणजे निदान हायस्पीड तरी असेल, या आशेवर साध्या ग्राइंडरला लावलं. पांढऱ्या-पिवळ्या, फुटत जाणाऱ्या ठिणग्यांचा फवारा उडाला. हायस्पीडच्या ठिणग्या मंद, लालसर आणि विरळ असतात, कार्बाइडच्या तर जेमतेम दिसतात. आशा तिथेच संपली. सोनेरी मुलामा पहिल्या धारेलाच खरवडून गेला होता, हे वेगळं सांगायला नको.

यातलं काही न करता, पाकीट उघडल्या उघडल्या करता येईल अशी परीक्षा वजनाची. कार्बाइडची घनता पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असते, एका घन सेंटीमीटरला साधारण १५ ग्रॅम. तेवढ्याच जाडीचा, तेवढ्याच लांबीचा पोलादी तुकडा दुसऱ्या हातात घ्या, फरक तळहातालाच कळतो. लोहचुंबकावर मात्र विसंबू नका. कार्बाइडमधल्या कोबाल्टमुळे खरी कोरणीही चुंबकाला थोडी ओढली जाते, आणि विक्रेता त्याचाच आधार घेऊन वाद घालतो.

बंदुकांवर नक्षी कोरणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. तिथे अनेक भाग कोरून झाल्यावर वरून कडक करतात, आणि आधीच कडक केलेला भाग हातात आला की असलं मऊ टोक पृष्ठभागावरून सरळ घसरतं. त्या ओरखड्याची दुरुस्ती नक्षीपेक्षा जास्त वेळ खाते.

बिलही बघा. माझ्या बिलावर फक्त 'कोरणी संच' होतं, कार्बाइड हा शब्द जाहिरातीतच राहिला होता. तक्रारीत हेच माझ्याविरुद्ध गेलं. धातूचं नाव आणि मुलामा कशावर आहे हे बिलावर लिहून देत नसतील, तर पैसे पाठवू नका. विक्रीच्या पानाचा फोटोही त्याच दिवशी काढून ठेवा. माझ्या तक्रारीनंतर त्या पानावर तोच सोनेरी संच आहे, फक्त नाव बदलून 'कोबाल्ट स्टील' केलंय.