मागून घुंई येते: बेअरिंग, नवा क्राऊन-पिनियन की भंगारातलं हौसिंग?

ताशी ५० चा वेग ओलांडला की मागून घुंई सुरू होते, ६० ला शिट्टीसारखी लांबते, पाय काढला की विरते. पिकअप घेऊन गॅरेजला गेलात की तीनपैकी एक सल्ला मिळतो: बेअरिंग किट टाका, नवा क्राऊन-पिनियन सेट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं वळवणारी मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी) टाका, नाहीतर भंगारातून अख्खं हौसिंग (ही जोडी बेअरिंगांसह ज्या पेटीत बसते तो मागचा भाग) आणा. तिन्हींच्या खर्चात बराच फरक आहे, म्हणून आधी एक रिकामी चक्कर आवाज ओळखायला घाला.

मी ती घातली नव्हती. मार्केट यार्डात कांदा उतरवून परतताना घुंई लागली आणि पहिल्याच गॅरेजच्या सांगण्यावरून मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं बदलली. आवाज होता तिथंच. दुसऱ्या मिस्त्रीनं पाना हातात न घेता गाडी सोलापूरहून पुणे हायवेला बाळे गावाच्या पुढं नेली आणि म्हणाला, "मालक, चाक नव्हं, पिनियन बोलायलंय."

त्याची रीत साधी होती. गाडी जागेवर, न्यूट्रलमध्ये रेस दिली. तिथंच घुंई आली असती तर दोष अल्टरनेटर, पॉवर स्टेअरिंगचा पंप किंवा पट्ट्याकडं; आणि क्लच दाबताच गेली असती तर गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगकडं. मग रस्ता. स्टेअरिंग हलकं डावी-उजवीकडं घेतल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग, डांबर संपून सिमेंट लागताच सूर बदलला तर टायर. पाच गिअरच्या गाडीत चौथा बहुधा डायरेक्ट असतो, म्हणजे ताकद गिअरच्या दातांतून न जाता सरळ मागं जाते. तिसऱ्यात येणारा आवाज चौथ्यात गेला तर गिअरबॉक्स उघडा. आमचा तसाच राहिला, म्हणजे हौसिंग. पिनियनला १० आणि क्राऊनला ४१ दात धरले तर ६० च्या वेगाला सेकंदाला सव्वातीनशेच्या आसपास दात एकमेकांत बसतात. बसण्यात जरा वाकडेपणा आला की तीच घुंई होते.

आता पाय कधी दाबता, कधी सोडता ते बघा. दाबल्यावरच आवाज आला तर दातांची बैठक बिघडलीय किंवा दात झिजलेत. सोडल्यावरच आला तर बहुतेक वेळा पिनियनचं बेअरिंग ढिलं. दोन्ही वेळा घरघर मिसळली असेल तर बेअरिंगं खाल्ली आहेत.

शेवटची खूण तेलात. आमच्याकडं गॅरेजमध्ये पुसायला टॉवेलच्या कारखान्यातली पांढरी कात्रणं असतात. मिस्त्रीनं हौसिंगचं तेल तसल्या तुकड्यावर ओतून उन्हात धरलं, बोटांत चोळलं. राखाडी, पिठासारखी चमक चालते. नखात टोचणारा कण निघाला तर बेअरिंग किटचा विषय तिथंच संपला.

आता तिघांची तुलना. हौसिंगमधल्या बेअरिंगांचं किट सगळ्यांत स्वस्त, सामान मिळालं तर दीड दिवसात गाडी रस्त्यावर. पण जुने दात शाबूत असतील तरच. आणि इथं सामानापेक्षा हात महत्त्वाचा: पिनियनच्या मागची शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) पूर्वीचीच बसवली, निळा रंग लावून दात एकमेकांवर कुठं टेकतात तो ठसा पाहिला नाही, तर नव्या बेअरिंगवरही घुंई परत येते. मिस्त्रीला आधीच विचारा, "ठसा दाखवणार का?" उत्तर "त्याची काय गरज नाय" आलं तर गाडी फिरवा.

नवा सेट महाग, पण दात खरचटले असतील तर दुसरा इलाज नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासलेले असतात, म्हणून "फक्त पिनियन बदलू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सेटबरोबर बेअरिंगं आणि सील नवेच टाका, तिथं वाचवलेले पैसे पुढं मजुरीत जातात. पहिले चार-पाचशे किलोमीटर अर्ध्या भाराने चालवा. ३० पोती कांदा म्हणजे दीड टन, तो नव्या दातांवर पहिल्याच दिवशी नको. मग तेल बदला.

भंगारातलं हौसिंग मला तिघांत सगळ्यांत धोक्याचं वाटतं. जमिनीवर पडलेलं हौसिंग बोलत नाही, त्याचा आवाज घरी आणल्यावर कळतो. तरी गाडी जुनी, विकायच्या बेतातली आणि हौसिंगची पेटीच तडकलेली असेल तर तोच मार्ग. घेताना दोन्ही चाकं बरोबरीनं एक फेरी फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजच्या, म्हणजे तो जिथं जोडतात त्या चकतीच्या, फेऱ्या मोजा. तुमच्या गाडीला ४.१ लागतात आणि इथं ४.९ निघाले तर इंजिन उगाच ओरडेल, डिझेलही जास्त खाईल. पावती घ्याच.

"जाड तेल टाका, आवाज बसतो" हा चौथा सल्लाही मिळेल. बसतो खरा, महिनाभर. तेवढ्यात झिजेचं पीठ उरलेल्या बेअरिंगांत जातं. तेल गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं, जीएल-५ (गिअर तेलाचा दर्जा) चंच ठेवा.

माझे दात शाबूत निघाले, बेअरिंग किटवर भागलं. तेलात टोचणारा कण असता तर डिसेंबर-जानेवारीच्या कांद्याच्या आवकेत गाडी उभी ठेवायची तयारी ठेवून नवा सेटच टाकला असता. सीझनच्या तोंडावर असाल तर हौसिंगचं तेल आजच पांढऱ्या तुकड्यावर घेऊन बघा.