स्टँडबायची वीज: बटणाचा बोर्ड की स्मार्ट प्लग?

रिमोटने बंद केलेलं उपकरणही थोडी वीज ओढत राहतं, ती स्टँडबायची वीज. नवा टीव्ही असा बंद असताना बहुधा अर्ध्या वॅटच्या आतच असतो. त्याचं फारसं मनावर घेऊ नका. खरा खादाड सेट-टॉप बॉक्स. तो सतत 10 वॅट ओढत असेल, तर वर्षाला जवळपास 88 युनिट झाली.

बटणाचा एक्स्टेन्शन बोर्ड खट्कन बंद केला की विषय संपला. पण तो टीव्हीमागे अडकलेला असेल तर रोज कोण वाकणार? स्मार्ट प्लग ठरल्या वेळी आपोआप बंद करतो, मात्र वाय-फायसाठी स्वतःच अर्धा-एक वॅट खातो. नुसत्या मोबाइल चार्जरला तो लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

माझं मत बोर्डाला, तेही हाताशी असलेल्या. राउटर आणि रेकॉर्डिंग लावलेला बॉक्स तेवढा वेगळ्या सॉकेटवर ठेवा.