जिवंतपणी स्कॅन की मृत्यूनंतर तपासणी?

स्फोटाच्या धक्क्याने सैनिकाच्या मेंदूत काय बिघडतं, हे शोधायचे दोन मार्ग. एमआरआय जिवंतपणी, हवा तितक्या वेळा करता येतो; पण सौम्य इजेत तो बहुतेकदा नॉर्मलच येतो. मग उडालेली झोप, चिडचिड, विसरभोळेपणा, सगळं पीटीएसडीच्या (भयंकर अनुभवानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराच्या) खात्यात जमा! (लक्षणंच सारखी, डॉक्टरांना तरी काय दोष द्यायचा?)

दान केलेल्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली जास्त बोलके ठरतात. २०१६ मध्ये अमेरिकेत मेंदूचे पॅथॉलॉजिस्ट डॅनियल पर्ल यांच्या गटाने स्फोट झेललेल्या सैनिकांच्या मेंदूत करड्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर व्रण दाखवले. नेहमीच्या स्कॅनमध्ये ते दिसत नाहीत. नमुने मात्र मोजके, आणि त्या सैनिकाला उपयोग शून्य. तरीही मूळ कारण शोधायला मला हाच मार्ग भक्कम वाटतो.