मण्यांची दोरी आणि लेकीचं वाचन : आठ महिन्यांनंतर

गेल्या जुलैत डोळ्यांच्या डॉक्टरांनी लेकीला ब्रॉक स्ट्रिंग आणायला सांगितली. एक लांब पांढरी दोरी आणि तिच्यात लाल, पिवळा, हिरवा असे तीन मणी, बस. लेक चौथीत. नंबर नाही, फळ्यावरचं सगळं दिसतं, पण पुस्तक हातात घेतलं की दहा मिनिटांत कपाळ चोळायला लागायची. एक ओळ संपली की मधली गाळून तिसरीवर जायची. घरात सगळे म्हणायचे, लक्षच नाही हिचं. मीसुद्धा ओरडले आहे. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, “आई, अक्षरं एकमेकांवर चढतात गं.” सगळ्यांना तसंच दिसतं, असं तिला वाटत होतं.

जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळून एका जागी रोखले जावे लागतात. तिचे ते टिकत नव्हते. पेन नाकाकडे आणलं की १५ सेंटीमीटरवरच तिला दोन पेनं दिसायची. नेहमीच्या नंबर तपासणीत एकेक डोळा झाकून लांबचं वाचायला लावतात, त्यात हे कळणार कसं?

दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्याशी धरायचं. मधल्या मण्याकडे बघितलं की मणी एकच, पण दोऱ्या दोन दिसायला हव्यात आणि त्यांची फुली बरोबर त्या मण्यावर पडायला हवी. फुली मण्याच्या पलीकडे गेली, तर डोळे लांब रोखलेत. दोरी एकच दिसली, तर एक डोळा कामच करत नाहीये. मला हेच फार आवडलं, कारण कुठे चुकतंय ते मूल स्वतःच सांगतं. पहिले तीन आठवडे रडारड झाली, डोळे ओढल्यासारखे व्हायचे. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त मी कधीच करून घेतलं नाही. दिवाळीपर्यंत डोकेदुखी गेली आणि डिसेंबरच्या तपासणीत १५ चे ७ झाले.

वाचन मात्र होतं तिथेच होतं. थकत नव्हती, पण ‘शिकली’चं ‘किशली’ तसंच.

विशेष शिक्षिकांनी समजावलं ते मला जुलैतच कळायला हवं होतं. वाचताना डोळा कुणाचाच सरळ सरकत नाही. उडी मारतो, साधारण पाव सेकंद थांबतो, पुन्हा उडी; चांगला वाचणाराही अधूनमधून मागे जातो. शब्द उलगडत नसेल तर मूल जास्त थांबतं, जास्त मागे जातं. म्हणजे डोळ्यांची ती अडखळ बहुतेकदा वाचन न जमल्यामुळे असते. २०१९ साली अमेरिकेत अशाच डोळ्यांच्या तक्रारीच्या ९ ते १४ वर्षांच्या ३११ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. व्यायामाने त्यांचे डोळे सुधारले, पण वाचून समजणं नकली व्यायाम दिलेल्या मुलांपेक्षा जास्त वाढलं नाही.

जानेवारीपासून अक्षरांच्या आवाजांवर काम सुरू केलं. शि-क-ली, प्रत्येक अक्षराला एक टाळी. पहिली वेलांटी लिहिण्यात अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर, तिथे ती हमखास घसरायची. मग आम्ही वेलांटीची वेगळी चिठ्ठी केली आणि ती ‘श’ला हाताने चिकटवायची. जुन्या लग्नपत्रिकेला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पुस्तकावर सरकवतो, ओळ सुटत नाही. मार्चमध्ये तिने धाकट्या भावाला अख्खी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, पोळी करपली तरी हलले नाही.

एका ठिकाणी रंगीत काचांच्या चष्म्याने डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं-शब्द उलगडून वाचणं अवघड जाण्याची अडचण, जाईल असं छातीठोक सांगितलं होतं. आम्ही घेतला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदनात सांगितलंय, की अशा काचांना किंवा डोळ्यांच्या व्यायामांना डिस्लेक्सियावरचा उपचार म्हणून पुरावा नाही.

दोरी घ्यायची तर आधी डोळे दाखवा. तिरळेपणा असेल तर व्यायाम वेगळा असू शकतो. आणि मणी घट्ट बसणारे बघून घ्या. आमच्या पहिल्या दोरीचे घसरायचे, शेवटी प्रत्येक मण्यामागे मी सुईने दोऱ्याची गाठ मारली.