40 लाखांचा म्हणून घेतलेला विमा 16 लाखांचा निघाला

सांगलीत कृष्णेच्या पूरपट्ट्यात माझी एक जुनी पण भक्कम दुमजली इमारत आहे. खाली दोन दुकानगाळे आणि वर दोन बिऱ्हाडे, असे चारही भाग भाड्याने दिलेले असून निवृत्तीनंतर घरखर्चाचा मोठा भार याच भाड्यावर चालतो. 2005 चा पूर पाहिलेला असल्यामुळे विमा हवाच, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की तो किती रकमेचा घ्यावा.

2017 च्या दिवाळीत परिचयातल्या एका विमा प्रतिनिधीला मी घरी बोलावले. जागेची किंमत वगळून केवळ बांधकाम आज नव्याने उभे करायचे झाले तर 40 लाख रुपये लागतील, असा हिशोब त्याने माझ्यासमोर बसून केला, आणि तो हिशोब बरोबरच होता. पूर आला तर दुरुस्ती होईपर्यंतचे बुडालेले भाडेही मिळेल, असे त्याने ठामपणे सांगितले. मी 4,200 रुपये रोख दिले. त्याने निळ्या कार्बनच्या पावतीपुस्तकातली पावती फाडून दिली आणि तिच्यावर ‘इमारत विमा, 40 लाख’ असे स्वतःच्या हाताने लिहिले. पॉलिसीचे कागद मागितले तेव्हा ‘आता सगळे ऑनलाइन असते, काका, कागद माझ्याकडे सुरक्षित आहेत’ हे उत्तर मिळाले. पुढच्या वर्षी नूतनीकरणही असेच झाले. त्या पावतीवर विमा कंपनीचे नावसुद्धा नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने 57 फुटांची पातळी ओलांडली, जिथे 45 फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. आमचे दोन्ही गाळे छताजवळपर्यंत बुडाले. पाणी ओसरल्यावर आत गेलो तेव्हा घोटाभर गाळ होता, शटर वाकले होते, गिलावा हाताने ओढला तरी सुटून येत होता, आणि शिवणकाम करणाऱ्या भाडेकरूची चार यंत्रे चिखलात आडवी पडली होती.

कंपनीने नेमलेले सर्व्हेअर आले आणि त्यांच्या हातातल्या पॉलिसीवर मी प्रथमच नजर टाकली. विमा रक्कम 16 लाख होती. हप्ता सुमारे 1,700 रुपये. माझ्या नावाखाली मोबाइल क्रमांक आणि ई-मेल मात्र त्या प्रतिनिधीचा होता, म्हणजे दोन वर्षांत कंपनीने पाठवलेला प्रत्येक संदेश त्याच्याकडेच गेला. भाड्याच्या नुकसानीचे संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे लागत असे. ते घेतलेलेच नव्हते. दर वर्षी उरलेले अडीच हजार रुपये त्याने खिशात घातले होते.

नुकसान पाच लाखांचे आणि विमा सोळा लाखांचा, तेव्हा पाच लाख तरी पूर्ण मिळतील, असे मला वाटले, आणि बहुतेक घरमालकांना तसेच वाटते. पण या पॉलिसीत ॲव्हरेजचे कलम होते, म्हणजे विमा मूल्यापेक्षा कमी असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी होते. मूल्य 40 लाख आणि विमा 16 लाख, म्हणजे पाचपैकी दोनच हिश्शांचा विमा. म्हणून नुकसानीचेही तेवढेच प्रमाण धरून दोन लाख मंजूर झाले आणि त्यातून आपण स्वतः सोसायचे 10,000 वजा होऊन हाती 1,90,000 आले. दुरुस्तीच्या तीन महिन्यांत चारही भागांचे मिळून 78,000 रुपये भाडे बुडाले, ते वेगळेच.

मी आधी कंपनीकडे लेखी तक्रार केली आणि नंतर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो. तेथे वकील लागत नाही आणि शुल्कही नाही, मात्र कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. कंपनीला मिळालेला हप्ता 16 लाखांचाच होता, त्यामुळे निकाल माझ्या विरुद्ध गेला. प्रतिनिधीचे काम बंद केल्याचे मला तोंडी सांगण्यात आले. तो गाव सोडून गेला आणि माझे पैसे परत आले नाहीत.

1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही घर-मालमत्तेचा विमा देणाऱ्या सगळ्या कंपन्यांमध्ये सारख्या अटींची पॉलिसी आली आहे. तिच्यात चटई क्षेत्र आणि बांधकामाचा चालू दर यांच्या गुणाकाराने रक्कम ठरते, पूर त्यात धरलेला असतो, आणि विमा कमी पडला म्हणून दावा प्रमाणात कापला जात नाही. तरीही लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही, म्हणून रक्कम कमी लिहू नये. दुकानगाळ्यांना ही पॉलिसी लागू होत नाही. त्यांच्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे आणि तिच्यात विमा मूल्यापेक्षा कमी पडला तर केवळ 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते. त्यामुळे खाली दुकाने आणि वर घरे असणाऱ्यांनी दोन्ही भागांचा हिशोब वेगळा मांडावा. बाजारात इमारतीला किती भाव येईल, हा आकडा तिथे कामाचा नाही, कारण पुराने जमीन वाहून जात नाही.

आता मी हप्ता कंपनीच्या नावे धनादेशानेच भरतो, आणि पॉलिसी क्रमांक मिळाला की कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन करून रक्कम, पत्ता आणि ‘भाड्याने दिलेली’ ही नोंद वाचून घेतो.

शिवणकामाच्या भाडेकरूला मात्र माझ्या दाव्यातून एक रुपयाही मिळाला नाही, कारण मालकाच्या इमारतीच्या विम्यात भाडेकरूचा माल आणि यंत्रे येत नाहीत. हे मी त्याला भाडेकरार करतानाच सांगायला हवे होते, याची खंत मला अजूनही आहे. पुढच्या वर्षी त्याने यंत्रांचा स्वतंत्र विमा घेतला, तेव्हा मी त्याच्यासोबत कंपनीच्या शाखेत गेलो आणि पॉलिसीवर त्याचाच मोबाइल क्रमांक छापला आहे, हे पाहूनच आम्ही दोघे बाहेर पडलो.