बोस्टनच्या स्टेट हाऊसची टूर: प्रभाग रचनेचं काम केलेल्यांनी जरूर करावी

लेक बोस्टनजवळच्या क्विन्सीला राहते. तिथून मेट्रोच्या रेड लाईनने पार्क स्ट्रीटला उतरायचं, कॉमनच्या बागेतून चढ चढायचा की स्टेट हाऊसचा, म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधानभवनाचा, सोनेरी घुमट समोरच. टूर मोफत आहे, पण फक्त सोमवार ते शुक्रवार. लेकीने त्यासाठी रजा टाकली.

मी तहसीलच्या निवडणूक शाखेत अव्वल कारकून होते. ग्रामपंचायतीचे प्रभाग पाडताना प्रगणक गट, म्हणजे जनगणनेचे छोटे भाग, जुळवायचे, नकाशा लावायचा, मग हरकती. त्यामुळे खांब, पुतळे, चित्रं मी भराभर बघितली. प्रतिनिधी सभागृहात लाकडी कॉड मासा टांगलाय, जवळजवळ पाच फुटी. जॉन रो नावाच्या व्यापाऱ्याने 1784 साली दिलेला. या राज्याचं पोट या माशावर चालायचं, म्हणून त्याला हा मान.

त्याच्याखाली उभं राहून मी विचारलं, पहिल्यांदा इथे किती माणसं बसायची? आमच्या गाईड, सत्तरीच्या बाई, एकदम खुलल्या. म्हणाल्या, ठरलेला आकडाच नव्हता. या राज्याच्या 1780 च्या घटनेत हिशोब गावागणिक होता. 150 करपात्र पुरुष असतील त्या गावाला एक प्रतिनिधी, 375 ला दोन, 600 ला तीन, पुढे दर 225 मागे एक. आधीपासूनच्या गावात 150 भरत नसले तरी त्याचा एक प्रतिनिधी कायम. नव्या गावाला मात्र 150 भरल्याशिवाय नाही.

लेक भाषांतर करत होती आणि मी पर्सवर बोटाने आकडे मांडत होते. पहिल्या जागेला 150 पुरेत, दुसरीसाठी आणखी 225! म्हणजे लहान गावाला मुद्दाम झुकतं माप. आमच्याकडे वाडी-वस्तीचे लोक हरकत घेऊन यायचे तेव्हा हेच तर मागायचे. पण प्रतिनिधीचा भत्ता गावाच्याच माथी होता. सरकार फक्त अधिवेशनाचा एकदा जाण्या-येण्याचा खर्च द्यायचं. म्हणून कित्येक गावं माणूसच पाठवायची नाहीत, आणि न पाठवणाऱ्या गावाला दंड करायचा अधिकार घटनेतच लिहिला होता.

सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, गोष्ट मात्र मला टोचली. तिथे 40 जागा, पण त्या माणसं मोजून नाहीत, जिल्हा कर किती भरतो त्यावर वाटलेल्या. सफोक आणि एसेक्सला सहा-सहा, डोंगराकडच्या बर्कशरला दोन. गरीब जिल्ह्यावर हा सरळ अन्याय, मी गाईडबाईंना तसं सांगितलं. त्यांनीही मान हलवली.

गावं वाढली तसं खालचं सभागृह फुगत गेलं, 1812 मध्ये सातशेच्या वर माणसं. मग 1857 ला 240 जागांची मर्यादा घातली, 1974 ला मतदारांनी 160 वर आणलं. सिनेट अजून 40 चंच, पण जागा आता लोकसंख्येवर.

पैकीच्या पैकी गुण. अर्धा-पाऊण तास मला कमी पडला, तेव्हा प्रश्न आधीच लिहून न्या आणि गाईडला थेट आकडे विचारा. या घटनेचा मसुदा लिहिणारे जॉन अ‍ॅडम्स क्विन्सीचेच. त्यांचं घर लेकीकडून जवळ आहे, पुढच्या आठवड्यात तिकडे जाणार.